दांडा कापण्यापूर्वी

प्रिय नुत्सू,

दर रविवारी फोनवर मी 'सगळं ठीक आहे' म्हणते, ते निम्मंच खरं असतं. बाबा बाजूलाच बसलेले असतात आणि त्यांचे कान अजून शाबूत आहेत, म्हणून हे पत्र.

यंदा गवत कमरेइतकं आलंय. कापणारी घरं मात्र चारच उरली. वरची आळी अख्खी इटलीला गेली, त्यांच्या वाट्याच्या कुरणात काटेरी झुडपं माजलीत. आपल्याकडचा नियम तुला ठाऊक आहे. संत पेत्रूच्या दिवशी घरच्या माणसानं सगळ्यांदेखत पहिला पट्टा कापायचा. ज्या घराचा विळा चालला नाही, त्याचा कुरणातला वाटा गेला. कुरण गेलं की गाय गेली, आणि गाय गेल्यावर आम्ही इथे करायचं काय? कुरणावर डोळा असलेल्या लाकूडवाल्या कंपनीचा माणूस या आठवड्यात दोनदा फाटकाशी डोकावून गेला.

संध्याकाळी आपल्या अंगणातून, उभ्यानं चालवायच्या त्या लांब दांड्याच्या विळ्याचं पातं धारेसाठी ठोकल्याचा आवाज अजून येतो. गावाचे कान त्याच्यावरच असतात. परवा ग्रिगोरकाका कुंपणावर रेलून म्हणाला, "वहिनी, गाव्रिलचा हात हल्ली घाईनं पडतो. बरा आहे ना गडी?" मी म्हटलं, "भाऊजी, तुम्ही आधी तुमचं पातं बघा!" तो हसला, पण नजर आमच्या गोठ्याकडेच.

नुत्सू, तो हात बाबांचा नाही, माझा आहे. ईस्टरनंतर बाबा गोठ्यात पडले. तेव्हापासून उजवा हात लोंबतो, जीभ जड झालीय. गावात सांगितलंय, पाठ धरलीय. मी गोठ्यामागे बसून ठोकते आणि ते डाव्या हातानं मांडीवर ताल धरून शिकवतात, चुकलं की डोळे वटारतात. उभ्या जन्मात मला त्या पात्याला हात लावू दिला नाही या माणसानं! पहिल्याच दिवशी माझ्या हातून पात्याची कड तडकली, तेव्हा दोघंही रडलो.

बाईनं कापू नये असं कुठे लिहिलेलं नाही, पण आजवर कुणी कापलेलंही नाही. रोज पहाटे परड्यात कापून बघते. जमतं, पण दांडा बाबांच्या उंचीचा आणि मी त्यांच्या खांद्याला लागते. पातं मातीत घुसतं. दांडा वीतभर कापावा लागेल. तू मात्र बाबांइतकाच उंच आहेस. ये म्हणून गळ घालत नाही. तिथलं तुझं काम, लेकरांची शाळा, सगळं कळतं मला. फक्त संत पेत्रूच्या आधीच्या रविवारी फोनवर एवढंच सांग, येतोस की नाही. नाही म्हणालास तर रागावणार नाही, करवत घेईन. पण एकदा कापलेला दांडा पुन्हा तुझ्या मापाचा होणार नाही.

तुझीच,
आई