‘कळलं’ लिहिणारे बाबा

दि. ६ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. स्वयंपाकघरातला नळ गळायचा थांबला हे वाचून हायसं वाटलं. माझंही ठीक चाललंय, फक्त घसा बसलाय, आणि त्याला आमची आठवी जबाबदार आहे.

झालं असं, की यंदा त्यांना वाक्यांचे प्रकार आणि अलंकार शिकवायचे आहेत. फळ्यावर व्याख्या लिहायला घेतली की अर्धा वर्ग पेंगतो आणि उरलेला अर्धा खिडकीबाहेर बघतो. म्हणून मी एक खेळ काढलाय. दोन बाकं आडवी लावून फाटक करायचं आणि एकाला फाटकवाला नेमायचं. टेबलावर दोन डबे असतात. एका डब्यातल्या चिठ्ठ्यांवर गरज लिहिलेली, म्हणजे तहान, झोप, घरी लवकर जायचंय असलं काहीतरी. दुसऱ्या डब्यात ती कशी बोलायची ते: आज्ञार्थी, उद्गारार्थी, प्रश्नार्थी, नाहीतर उपमा, अतिशयोक्ती वगैरे. दोन्हींतून एकेक चिठ्ठी उचलायची आणि एकच वाक्य बोलायचं. फाटकवाल्याला ते मनापासून पटलं तरच बाक सरकतं.

केस कापणाऱ्याच्या मुलाला ‘भूक’ आणि ‘अतिशयोक्ती’ आली. तो म्हणाला, की माझ्या पोटातले कावळे आता ओरडायचं सोडून एकमेकांना खायला निघालेत. फाटकवाला इतका हसला की बाक आपोआपच सरकलं. शिंप्याच्या मुलीला ‘आज्ञार्थी’ आली, तर ती कमरेवर हात ठेवून नुसतं ‘उघड’ म्हणाली आणि फाटकवाला बिचारा घाबरून बाजूला झाला. घरी धाकट्या भावांवर तिचा चांगला सराव होत असणार. प्रश्नार्थीला मात्र मी एक अट घातली आहे. ज्याचं उत्तर विचारणाऱ्याला आधीच ठाऊक आहे तो प्रश्न चालणार नाही. ‘मी काय माणूस नाही?’ असले उत्तर नको असलेले प्रश्न अलंकारांच्या चिठ्ठ्यांत गेले. मुलं म्हणतात सगळ्यात अवघड चिठ्ठी प्रश्नाचीच.

आता एक गंमत सांगते, पण रागावू नका. सोमवारी वाक्यं ओळखायला दिलेले उतारे संपले आणि तास उरला. पर्समध्ये तुमचं पत्र होतं. कोणाचं ते न सांगता त्यातला एक परिच्छेद वाचून दाखवला. मुलांनी पटापट सांगितलं, की सगळी विधानार्थी, ‘जपून राहा’ तेवढं आज्ञार्थी. इथवर ठीक होतं. मग बेकरीवाल्याची मुलगी उभी राहिली आणि तिने विचारलं, की हे गृहस्थ त्या बाईंवर रागावलेत का, कारण त्यांनी तिला काहीच विचारलेलं नाही.

मी घाईघाईने पत्राची घडी घातली. घंटा झाली म्हणून सुटले. पण घरी आल्यावर तेच डोक्यात घोळत राहिलं. बाबा, मी इथे येऊन वर्ष होत आलं, तुम्ही खरंच मला एकदाही काही विचारलेलं नाही. असं का?

मोठ्या बाई नोकरीत कायम होण्याबद्दल माझं उत्तर मागताहेत. महिनाअखेरपर्यंत मुदत आहे. तुम्ही लिहिलंत, ‘सही कर, घोळ घालू नकोस.’ मी अजून घोळ घालतेच आहे.

लोभ आहेच, तो कमी होऊ देऊ नये.

तुमची,
भुंगी

•

दि. १३ जुलै

चि. भुंगी हिस,
अ. उ. आ.

पत्र मिळालं. घसा बसला हे कळलं. फाटकाचा खेळ सुरू केलास हे कळलं. कावळ्यांचं कळलं. माझं पत्र वर्गात वाचलंस हेही कळलं. यापुढे अक्षर सुधारून लिहीन. तू मिठाच्या पाण्याच्या गुळण्या कर.

मी रागावलेलो नाही, हे त्या मुलीला सांग.

बंदरावरच्या वायरलेसच्या खोलीत माझा जन्म गेला. तिथली एक शिस्त असते. बोटीवरून जो निरोप येईल तो शब्दाला शब्द परत म्हणायचा. तो कानावर पडला की बोटीवरचा माणूस निर्धास्त होतो. आपण परत म्हटला नाही तर निरोप पोचलाच नाही असं धरून त्याने पुन्हा सांगायचा. मधे आपले प्रश्न घुसडायचे नाहीत. वादळात सापडलेल्या माणसाला ‘कसा आहेस’ असं विचारलं की तो उत्तर शोधत बसतो, आणि त्या वेळी त्याचे हात दुसऱ्या कामाला हवे असतात. सांगेल ते ऐकावं आणि ऐकलं म्हणून कळवावं, एवढंच आपलं काम.

तुझी आई यावरून चिडायची. मी घरी आल्यावर ती काही बोलली की मी तेच परत म्हणायचो. ती म्हणायची, घरात बायको आहे की बोट ते एकदा ठरवा. ती गेल्यावर सवय मोडायला कोणी उरलं नाही.

तुला काही विचारत नाही ते या कारणाने. सही कर.

इकडची काळजी नसावी. माया आहेच, ती वेगळी लिहीत नाही.

तुझा,
बाबा

•

दि. १९ जुलै

ती. वायरलेसवाल्या आजोबांस,
आठवीच्या सगळ्या वर्गाचा सा. न. वि. वि.

ते पत्र तुमचं होतं हे बाईंनी आम्हाला सांगितलं, आणि तुम्ही रागावलेले नाही हेही. बेकरीवाल्याची मुलगी तुमची माफी मागते, पण अर्धीच. ती म्हणते की आमच्या बाई काही वादळात सापडलेल्या नाहीत. त्या फळ्यापाशी उभ्या असतात आणि त्यांच्या हातात फक्त खडू असतो, त्यामुळे त्यांना विचारायला काही हरकत नाही.

तुमची वाक्यं घेऊन आम्ही फाटकाचा खेळ खेळलो. केस कापणाऱ्याचा मुलगा तुम्ही झाला होता. त्याने सगळी वाक्यं अगदी प्रेमाने म्हटली, पण फाटकवाला हलला नाही. तेव्हा तुम्ही अजून बाहेरच उभे आहात. आम्हाला ते बरं वाटलं नाही.

म्हणून तुमच्यासाठी चिठ्ठी काढली. खोटं कशाला बोलायचं, काढली नाही, शोधून घेतली. ती सोबत पाठवत आहोत. त्यावर ‘प्रश्नार्थी’ लिहिलंय. गरजेची चिठ्ठी कोरी ठेवली आहे, ती तुमची तुम्हीच लिहा. उत्तर आधीच माहीत असलेला प्रश्न चालणार नाही. त्यात कोणालाही सूट नाही, मोठ्या बाईंनासुद्धा.

आमच्यावर आजोबांसारखा लोभ असावा, आणि घाई नाही पण लवकर कळवावं.

आपले,
आठवीतले सगळे

•

दि. १९ जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

सोबतचं पत्र पोरांनी स्वतः लिहिलंय. मी फक्त शुद्धलेखन तपासलं, त्यामुळे आगाऊपणाचं श्रेय त्यांचं त्यांना.

तुमचं वायरलेसचं वाचलं आणि बसल्या बसल्या तुमची वर्षभराची सगळी पत्रं पलंगावर पसरली. मला नवल वाटलं, बाबा. मी लिहिलेलं काहीही तुम्ही खाली पडू दिलेलं नाही. चष्म्याची काडी मोडली, हे कळलं. खोलीची खिडकी पूर्वेला आहे, हे कळलं. शेजारच्या नर्सबाई रात्रपाळीहून आल्या की बाजाची पेटी वाजवतात, हे कळलं. मी किती फालतू गोष्टी लिहीत होते आणि तुम्ही त्या एकेक करून परत पाठवत होता. इतके दिवस ही पत्रं मला कोरडी वाटायची. वाचता वाचता मला हुंदका आला, तो नर्सबाईंनी भिंतीपलीकडून ऐकला आणि सूप घेऊन आल्या.

पण मग चौकशी करायची खोड जडली ती जडलीच. मी आठवून आठवून ताळा घेतला. एक गोष्ट तुम्ही परत म्हटलेली नाही. एप्रिल महिन्यात मी लिहिलं होतं, की इथलं सगळं सोडून परत यावंसं वाटतं. तुमच्या उत्तरात नळ होता, खिडकी होती, पण ते वाक्य नव्हतं. त्यावरून मी समजले, की बाबांना मी तिकडे नको आहे. तेव्हापासून सहीचा घोळ चाललाय.

तुमच्याच शिस्तीप्रमाणे निरोप परत आला नाही तर पुन्हा सांगायचा असतो. म्हणून पुन्हा सांगते. मला परत यावंसं वाटतं.

उत्तर महिनाअखेरीच्या आत यावं. लोभात अंतर पडू नये.

तुमची,
भुंगी

•

दि. २५ जुलै

चि. भुंगी हिस,
अ. उ. आ.

तुला परत यावंसं वाटतं हे कळलं.

एप्रिल महिन्यातही कळलं होतं. परत म्हटलं असतं तर तू सामान बांधलं असतंस, हे मला ठाऊक होतं. म्हणून मुद्दाम म्हटलं नाही. नोकरीत असं कधी केलं नव्हतं. त्याचा तू भलताच अर्थ काढशील हे लक्षात आलं नाही. तू मला नको आहेस असं कधीही नव्हतं.

मुलांची चिठ्ठी टेबलावर ठेवली आहे. जेवताना ती समोर दिसते. बरेच कागद फाडले. शेवटी हे लिहितो.

तुला परत यायचंय ते तिथे करमत नाही म्हणून, की मी इथे एकटा आहे म्हणून?

याचं उत्तर मला ठाऊक नाही. तसं मुलांना सांग. मला बरं वाटावं म्हणून काही लिहू नकोस.

तुझा,
बाबा

•

दि. ३० जुलै

ती. बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

वर्गात तुमचा प्रश्न वाचला नाही, तो माझा होता. एवढंच सांगितलं, की आजोबांनी प्रश्न विचारला आणि तो नियमात बसतो. बाक इतक्या जोरात सरकलं की खालच्या मजल्यावरून तक्रार आली.

उत्तर असं आहे. तुम्ही एकटे आहात म्हणून.

मला इथे करमतं, बाबा. फार करमतं. सकाळी जिना चढताना आज डब्यांतून काय निघेल याची उत्सुकता असते. तुम्ही तिकडे एकच ताट मांडून जेवताय आणि मी इथे मजेत आहे, हे स्वतःशी कबूल करायची मला लाज वाटत होती. म्हणून ‘यावंसं वाटतं’ असं लिहिलं, आणि लिहून लिहून ते खरंही वाटायला लागलं. तुम्ही विचारलंत तेव्हा कुठे डोळे उघडले.

काल सही केली. करताना रडू आवरेना. मोठ्या बाईंना वाटलं, कायम झाल्याचा आनंद झालाय. मीही त्यांना तसंच वाटू दिलं.

आता माझी पाळी. आई गेल्यापासून मीही तुम्हाला हे कधी विचारलेलं नाही, कारण उत्तराची भीती वाटायची. तुम्हाला तिथे एकटं वाटतं का? ‘इकडची काळजी नसावी’ असं लिहू नका. काळजी मला आहे आणि ती राहणार.

उत्तराची वाट पाहते आहे. लोभ असाच ठेवावा.

तुमची,
भुंगी

•

दि. ४ ऑगस्ट

चि. भुंगी हिस,
अ. उ. आ.

वाटतं.

सही केलीस ते बरं झालं. रडलीस हे कळलं.

आता विचारायला सुरुवात केलीच आहे तर एकदमच विचारून घेतो. तुझ्या गावाला येणारी बस कुठे थांबते? जिना फार उभा आहे का? खोलीत दुसरा पलंग मावेल का, की मी गादी घेऊन येऊ? नर्सबाईंच्या झोपेच्या वेळी मी खोकलो तर त्यांना त्रास होईल का? मुलांना माझं अक्षर लागतं का? त्या बेकरीवाल्याच्या मुलीला मी अजून रागावलेला वाटतो का? तू वेळेवर जेवतेस का? रात्री झोप लागते का? माझ्या पत्रांची तू वाट बघायचीस का?

आणि भुंगे, मी आठ दिवसांसाठी म्हणून आलो, आणि आठ दिवसांनी माझा पाय तिथून निघालाच नाही, तर चालेल का?

तुझा,
बाबा