तुझ्या ताईने आयुष्याला दिलेले गुण

कोपरी, ठाणे पूर्व

समस्त तापट बंधूंनो! आपण चिडतो म्हणून जग आपल्याला दुःखी समजतं, हा अन्याय आपण आणखी किती वर्षं सोसायचा?

(चि. देवराम, घाबरू नकोस, पत्र तुलाच आहे. कारखान्याच्या फाटकावर तीस वर्षं भाषणं केलेल्या तुझ्या दाजींचा हात असाच सुरू होतो.) मोहन्याला सगळे खुशाल ना? तुझा गुडघा काय म्हणतो? आमचं इथे बरं चाललंय असं लिहिणार होतो. पण आता त्याचीही खात्री देववत नाही.

झालं असं. सूनबाई संचिता जाते त्या वागळे इस्टेटमधल्या ऑफिसात चौदा देशांतल्या माणसांची पाहणी चालली आहे: रोजच्या राग-लोभाचा आयुष्यातल्या समाधानाशी संबंध काय. तिने आम्हा नवरा-बायकोला सात दिवसांचे तक्ते दिले. काल राग किती आला, हसलात किती, काळजी किती. आणि शेवटी एकंदर आयुष्याला दहापैकी गुण. मी रागाला रोज दहा दिले आणि कारणांची पुरवणी जोडली (तुंबलेलं गटार, खणून ठेवलेला फूटपाथ, शेजारचा सौमित्र आणि त्याचा हॉर्न). आयुष्याला नऊ. एक गुण त्या गटाराने खाल्ला.

संचिता म्हणाली, "बाबा, तुमचा तक्ता बाद झाला. इतका राग आणि इतकं समाधान एकत्र बसत नाही म्हणे."

"कोण म्हणतं?" मी कडाडलो. "अगं, गटार बघून ज्याला राग येत नाही तो समाधानी नव्हे, सुस्त! चार माणसांसाठी भांडून आलो की मला भाकरी गोड लागते!"

"हळू, बाबा! काही देशांत हसरा तोच समाधानी. आपल्याकडे तसं नसेलही, तेच तर तपासतोय. आईंचंच बघा ना."

मी तो तक्ता ओढून घेतला. तुझ्या ताईचा राग सातही दिवस शून्य. हसू रोज आठ-नऊ. आयुष्याला गुण: चार!

बेचाळीस वर्षांच्या संसाराला चार? आता तुझी ताई रखमाबाई कशी आहे ते तू जाणतोस. डबा काठोकाठ भरलेला असला तरी "संपत आलंय" म्हणणार. नातू बंटीला ब्याण्णव टक्के मिळाले, तर शेजारणींना सांगितलं, "सुटला एकदाचा." चांगलं मोठ्याने बोललं की दृष्ट लागते, हा तिचा ठाम विश्वास. (अंधश्रद्धेविरुद्ध मी जन्मभर गळा फोडला. आज ही अंधश्रद्धाच असू दे, म्हणून देव पाण्यात घालून बसलोय.) पण नसली तर? चार म्हणजे खरोखरच चार असले तर? दोन हजार कामगारांपुढे न अडखळलेला माणूस घरातल्या एका बाईला एक प्रश्न विचारू शकत नाही, याचाच मला सगळ्यात जास्त संताप येतो आहे.

तुझा,
महिपत

ता. क. रविवारी ये. मी दही आणायला जाईन आणि अर्धा तास लावेन. तेवढ्यात तिला विचार.

आणखी एक. चहा पिऊन परत आलो, तर पत्रातल्या 'चार'वर काट मारून 'सहा' केलेलं, आणि समासात ताईचं अक्षर: "यापेक्षा जास्त गुण कागदावर लिहिणार नाही." म्हणजे मनातले गुण याहून वर आहेत! आणि हे मला बेचाळीस वर्षांत कळू नये? देवराम, दही गेलं खड्ड्यात. रविवारी येच, आणि उरलेले चार तिच्या तोंडून माझ्यासमोर वदवून घे!