संत क्लाराला अंडी

१५ एप्रिल, दुपार
रेडिओवाला म्हणतो, मनिलात तापमान छत्तीस, पण 'वाटतंय' सेहेचाळीस. कोणाला वाटतंय? मला विचारलं होतं का? मला साठ वाटतंय.
उकाड्यामुळे शाळा-कॉलेजं बंद. मी फेब्रुवारीतच बंद केलं होतं, म्हणजे काळाच्या पुढे होतो. (कॉलेज मी सोडलं. कॉलेजने मला नाही. नोंद असावी.)
आजपासून संकल्प: डोकं थंड ठेवायचं. भांडण नाही. कोणावर उगाच संशय नाही.

संध्याकाळ
पंख्याशी भांडलो. मान फिरवतो तेव्हा बेलेनमावशीच्या बाजूला जास्त रेंगाळतो. मावशी म्हणाली, तिकॉय, बाळा, पंख्याला डोळे नसतात. मग माझ्याकडे वळला की कण्हतो का? दुकान तिचं आहे, हे त्याला कोणीतरी सांगितलेलं दिसतंय.

१७ एप्रिल
लुवी आली होती. दुकानासमोरच्या निळ्या फाटकाच्या घरात राहते, दाताच्या दवाखान्यात काम करते. तिने माझ्याकडे बघून हसावं म्हणून मी गेल्या वर्षी दुखत नसलेला दात दाखवायला गेलो होतो. डॉक्टरने काढला.
आज म्हणाली, उन्हात फार फिरू नकोस, तिकॉय. किती जीव लावते! दिवसभर उकाडा जाणवला नाही.

रात्री जेवताना
लुवीने आज अख्खं डझन अंडी नेली. घरात ती आणि तिची आई. आईला डॉक्टरने अंडं बंद केलंय, हे मावशीनेच मला सांगितलं. मग खातं कोण?

२३ एप्रिल
पुन्हा अंडी. अंडी गेली आणि लगेच रोमेलची स्कूटर निळ्या फाटकाशी थांबली. रोमेल एसी दुरुस्त करतो. या उकाड्यात एसीवाल्याला बिशपसारखा मान आहे. बायका स्वतः सरबत घेऊन शिडीखाली उभ्या राहतात. त्याचे दंड मी नीट पाहिले. ते दंड भातावर झालेले नाहीत.
एक खोली, एक एसी. कितीदा बिघडेल?

२ मे
फार गंभीर प्रकार. आज रोमेल एकटा नाही, आईबाप आणि एक काका घेऊन आला. सोबत शेवयांचं पातेलं आणि झाकलेली भांडी. लुवीच्या आईने बर्फ मागवला म्हणून मला आत जायला मिळालं. बाप इस्त्रीचा शर्ट घालून सोफ्यावर. काका जपमाळेसारखी टोपी फिरवत होता. हळू आवाजात बोलणं चाललं होतं, मी शिरताच सगळे गप्प. एसी बंद. कोणी त्याचं झाकणसुद्धा उघडलेलं नाही!
माझं निदान: घराणंच या धंद्यात आहे. म्हाताऱ्या बाईला गोड बोलून जुना एसी काढायचा आणि नवा गळ्यात मारायचा.
परत आलो तर मावशीने विचारलं, ते कशाला आलेत कळलं का तुला? म्हटलं, पूर्ण कळलंय. तिने माझ्याकडे फार वेळ पाहिलं, मग पंखा माझ्याकडे वळवून ठेवला. पंखा कधी वळवत नाही ती. संशयास्पद.

६ मे
विजय! ईसिंगकाकूने मे अखेरच्या क्रूसाच्या मिरवणुकीची नावं ठरवली. लुवी एस्तेर राणी होणार. फुलांच्या कमानीखाली तिच्या शेजारून चालायचा मान मला. रोमेलने स्वतः माघार घेतली, म्हणाला, तिकॉयला द्या, मला त्या आठवड्यात श्वास घ्यायला फुरसत नाही. घाबरला.
मिरवणुकीला लागेल तेवढा बर्फ दुकानातून देऊ, असा शब्द मी काकूला दिलाय. मावशीला योग्य वेळी सांगेन.
योजना: एकतीस मे, चर्चच्या पायऱ्या, कमान डोक्यावर, मी मनातलं सांगणार. सगळी गल्ली साक्षीला.

१३ मे
आज लुवीचा पाठलाग केला. पाठलाग नव्हे, काळजी. डझनभर अंडी मांडीवर घेऊन ती जीपनीत चढली, मी मागच्या जीपनीत. गाडीचा पत्रा तापून तव्यासारखा. शेजारच्या बाईने मला ओला रुमाल दिला, म्हणजे चेहरा कसा झाला असेल. लुवी उतरली ती थेट संत क्लाराच्या मठाशी.
हे माझ्या डोक्यात कसं आलं नाही! लहानपणापासून बघतोय. ज्या दिवशी पाऊस नको, त्या दिवसासाठी क्लाराला अंडी द्यायची, जोगिणी प्रार्थना करतात. माझ्या बारशाला आईने दिली होती. तरी पाऊस पडला. मावशीच्या मते अंडी लहान होती.
पण यंदा सगळं शहर पावसासाठी तोंड वासून बसलंय. अशात पाऊस नको असं कोण म्हणेल? जिच्यासाठी एखादा दिवस जिवापेक्षा मोठा आहे, तीच. आणि कोणता दिवस, हे सांगायला हवं का?
ती गेल्यावर बाहेरच्या गाडीवरून अंडी घेऊन मीही फाटकाशी गेलो. सिस्टरने विचारलं, कोणत्या तारखेसाठी? मला धाप लागली होती. म्हटलं, आत्ता मुलगी येऊन गेली ना, लुवी, तिचीच तारीख, तीच.
सिस्टर म्हणाली, "तू त्या कार्यातलाच का?"
मी म्हटलं, "मुख्य."
ती अशी काही हसली! म्हणाली, देव तुम्हा दोघांना सुखी ठेवो. दोघांना! जोगीण खोटं बोलत नाही.

१७ मे, रविवार
चर्चमध्ये पावसासाठी सामूहिक प्रार्थना. सगळी गल्ली गुडघ्यावर. मी ओठ हलवले, पण मनात प्रत्येक ओळीला 'एकतीसनंतर' जोडत गेलो. फादरने दोनदा माझ्याकडे पाहिलं. त्यांना कोणी सांगितलं?

१९ मे
मठात पुन्हा जाऊन आलो. यावेळी दुकानातली अंडी नेली, ताजी असतात. सिस्टरने ओळखलं. 'तीच तारीख' म्हटलं, ती म्हणाली, माहीत आहे.
मावशीच्या लक्षात आलं की अंडी कमी होतायत. तिला उंदराचा संशय. मीही उंदरावरच संशय घेतला. नंतर विचारपूर्वक रोमेलवर घेतला. मावशी म्हणाली, उंदीर बरा.
दुपारभर वीज नव्हती. शेजारच्या दोरोआजोबांना उकाड्याने चक्कर आली, त्यांना टबात बसवलं, मी बर्फ ओतला. थरथरत म्हणाले, एक सर आली पाहिजे रे पोरा. मला जरा कसंतरी झालं. पुढच्या खेपेला क्लाराला दोन अंडी कमी देईन.

२२ मे
लुवी दुकानात. तिने थांबून, आवाज खाली करून विचारलं, सहा जूनला मोकळा आहेस ना? तुझ्याशिवाय होणार नाही.
मिरवणूक एकतीसची. म्हणजे ती मिरवणुकीच्याही पुढचा विचार करतेय! मी म्हटलं, मी जन्मभर मोकळा आहे. ती म्हणाली, शनिवारी सकाळपासून चालेल.

२८ मे
समुद्रात वादळ तयार झालंय. बाईचं नाव ठेवलंय त्याला. मला हे आवडलेलं नाही. रेडिओवाला मात्र खुशीत. त्याच्या आवाजावरून वाटतं, वादळ त्यानेच मागवलं असावं.
मठात डबल अंडी दिली. सिस्टर म्हणाली, बाळा, इतका घाबरू नकोस, सगळ्यांचं होतं असं.

३१ मे, दुपार
समारंभाचा बारोंग सदरा घातला आहे. दिवंगत काकांचा, दंडात घट्ट. (दंड!) आभाळ काळं आहे, पण ते फक्त आभाळ आहे. क्लारावर माझा विश्वास आहे.

३१ मे, नंतर
वादळाचा सिग्नल दोन. मिरवणूक रद्द. मी चर्चच्या पायऱ्यांवर एकटा, कमान धरून. मग कमान गेली. ईसिंगकाकूच्या छपरावर सापडेल म्हणतात.
धावत दुकानात आलो तर पत्रा उडायला आलेला आणि छपरावर रोमेल, चिंब, पत्र्याला तार बांधतोय. शिडी त्याचीच. मावशी खालून त्याला देव भलं करो म्हणत होती. मला वाटलं, वरून अंडी बघायला चढलाय. त्याने तारेचं टोक माझ्याकडे फेकलं.
"घट्ट धर, तिकॉय. आणि आजारी पडू नकोस, शनिवारी बर्फाचं सगळं तुझ्यावर आहे."
मी विचारलं, शनिवारी काय आहे?
तो छपरावरून वाकून बघत राहिला. पाऊस त्याच्या नाकावरून माझ्या तोंडावर पडत होता.
"माझं आणि लुवीचं लग्न. तुझ्या हातचा बर्फ घेऊनच तर आमची बोलणी झाली."
तार सोडली नाही मी. नोंद असावी.

१ जून
रोमेल खोटं बोलतो. एसीवाल्याच्या बोलण्यावर कोण विश्वास ठेवतो? गॅस संपला म्हणून सांगतात आणि गॅस असतो.

संध्याकाळ
मावशीला विचारलं. तिने डोक्यावरून हात फिरवला. मग खरं असावं.

२ जून
मठात जाऊन जाब विचारला. म्हटलं, इतकी अंडी दिली, एकतीसला आभाळ फाटलं कसं? सिस्टर गोंधळली. म्हणाली, एकतीस कुठून आली? त्या मुलीने सहा जून सांगितली आहे. तू म्हणालास, तीच तारीख. आम्ही रोज दोघांच्या नावाने सहा जूनची प्रार्थना करतोय. धीर धर, नवरदेवा.
मी म्हटलं, माझी अंडी परत द्या. ती म्हणाली, ती अनाथाश्रमातल्या मुलांनी खाल्ली.
निदान माझा वाटा पावसाकडे वळवता येईल का, असंही विचारलं. ती मोठमोठ्याने हसली. तिला वाटलं, मी लग्नाला घाबरलोय.

५ जून
दुसरं वादळ! उद्या धडकणार! रेडिओवाला आज पहिल्यांदा माणसासारखा बोलला. रात्रीपासून मी ओठ हलवतोय आणि यावेळी मनापासून. दोरोआजोबांसाठी.

६ जून, शनिवार
वादळ पहाटे उत्तरेला वळलं. ढगाचा ठिपका नाही. चर्चचं अंगण न्हाऊन निघाल्यासारखं लख्ख. सगळे म्हणाले, असा दिवस लग्नाला मिळत नाही.
मी बर्फाची पोती वाहिली. बारोंग पाठीला चिकटला. लुवी पदर सावरावा तशी जाळी सावरत आली, म्हणाली, तू नसतास तर कसं झालं असतं? खरंच, कसं झालं असतं, हे फक्त मला आणि क्लाराला माहीत आहे.
जेवताना तिच्या आईने सगळ्यांसमोर विषय काढला. मठातली सिस्टर म्हणाली म्हणे, तुम्ही दिलीत तितकीच अंडी याच तारखेसाठी आणखी कोणीतरी देऊन गेलं. कोण असेल इतकं आपलं माणूस? रोमेलची आई म्हणाली, आमच्याकडचं कोणी नाही. सगळे एकमेकांकडे बघायला लागले. रोमेलसुद्धा संशयाने बघत होता. एकदाचं कळलं त्याला कसं वाटतं ते.
बेलेनमावशीने माझ्याकडे पाहिलं. तसंच, फार वेळ. मग ताट पुढे ओढून म्हणाली, "उंदीर असेल."
सगळे हसले. मीही.
गोडाला फ्लान होतं, नुसत्या पिवळ्या बलकांचं. दोनदा घेतलं.
घरी आलो. मावशीने पंखा माझ्याकडे वळवून ठेवलाय. रेडिओवर म्हणाले, छत्तीस. वाटतंय किती, ते ऐकायला थांबलो नाही.