हाणामारीची पानं सोड

दादा,

भाकरी टोपलीत हाय, पिठलं चुलीवर. तू छावणीवरनं येस्तवर मी रातपाळीला जनावरांच्या चारा छावणीवर निघालेला असंन. शेजारच्या दावणीवरल्या तात्याबाच्या भरवशावर आपली बैलं किती वेळ ठेवायची?

सगळे हिरो एकत्र आलेला कॉमिकचा अंक उशाला ठेवलाय. मागच्या चिठ्ठीत तू इचारलंस, एवढे हिरो एकाच अंकात कशापायी कोंबलेत. तू तुझ्याच हिरोची पानं वाचतूस, बाकीची उलटतूस. हाणामारी सोड. शेवटी तुझा नि माझा हिरो पाण्याच्या टाकीवर बसून नुसते बोलतात. एरवी दोघांची पुस्तकं येगळी, गाठच पडत न्हाई. त्या एका पानासाठी समदा अंक वाचावा.

आईच्या वर्षश्राद्धापासून आपण सोबत जेवलो न्हाई. सकाळी मला सोडवायला दूध संघाच्या गाडीनं छावणीवर येऊ नको. तात्याबाला सांगून मीच घरी येतो. पिठलं दोघांपुरतं ठेव.

धोंडीराम