लिमिट वाढवायची न्हाई

४ जानेवारी, रविवार
अक्षयच्या थोबाडीत दिली. तेवीस वर्षांचा घोडा झालाय, पण दिली. माझं कार्ड उचलून बघतो आणि म्हणतो, "पंधरा हजार लिमिट? आई, हे भिकाऱ्याचं कार्ड आहे." हॉटेलच्या लाँड्रीत दिवसभर ब्लीचमध्ये हात घालते, त्या पगारावर बँकेनं दिलेलं कार्ड आहे, कुणाच्या बापाचं न्हाई. त्यानं ताट भिंतीवर मारलं. आमटी पार खालपर्यंत ओघळली. पुसली कुणी? मीच.

दिवाळीनंतर लोणावळ्याच्या भाड्याच्या बंगल्यावरचं काम सोडून आलाय. सोडलं कसलं, पाहुण्याच्या डोक्यात बाटली घातली म्हणून हाकलला. तवापासून घरात लोळतोय. मोबाइलवर पत्ते. पैसे लावून.

७ जाने.
गल्लीची लाइटबिलं भरली. दोन सिलिंडर. वरच्या आळीतल्या मावशींचा रिचार्ज. सगळं कार्डावर. त्यांनी रोख दिली, ती दुपारीच बँकेत भरली, कार्ड पुन्हा रिकामं. हे मला किराणावाल्या रेहानाभाभीनं शिकवलं. लिमिट लहान असली तर फिरवायची. बिल निघायच्या आत दोनदा, तीनदा. कॅशबॅक आपला. रोख काढायची न्हाई, हप्ता पाडायचा न्हाई, तारीख चुकवायची न्हाई. वर्ष झालं, एकदा चुकले न्हाई.

सगळं कशासाठी, तर वॉशिंग मशीन. जगाच्या चादरी मशीनमध्ये घालते आणि घरी येऊन स्वतःचे परकर दगडावर आपटते.

आज बँकेचा मेसेज. "अभिनंदन, आपली लिमिट पंचाहत्तर हजार करता येईल. होय दाबा." दाबते कशाला? पंधरा बुडाले तर चादरी धुऊन फेडीन. पंचाहत्तर बुडाले तर मलाच धुतील.

मेसेज वाचताना अ. मागं उभा होता. त्यानंही वाचला. तेच वाईट.

११ जाने., रवि.
मारामारी. दारात.

तिघं आले लोणावळ्याहून, एका गाडीवर. पुढचा तो बंड्या म्हणतात तो. अ. नं त्यांच्या पैशानं पत्ते खेळलेत. चाळीस हजार! मला आज कळतंय. अ. ला कॉलर धरून उंबऱ्याबाहेर ओढला आणि लाथा घातल्या, पोटात, बरगडीत. तो आई आई करतोय. मी न्हाणीत कपडे धूत होते, हातात धोपाटणं तसंच. तसंच उचललं आणि एकाच्या पाठीत असं घातलं की त्याचा आवाजच निघंना. दुसरं बंड्याच्या कोपरावर. हाड वाजलं. बरं वाटलं, खोटं कशाला लिहू.

बंड्या जाताना म्हणाला, "मावशी, बाईमाणूस म्हणून सोडतोय. महिनाअखेर."
मी म्हटलं, "मी न्हाई सोडणार. ये परत, मुडदाच पाडते."

माझ्या पोराला मी मारीन. दुसऱ्यानं हात लावायचा न्हाई. रात्री हळद लावली तर लहान पोरासारखा झोपला.

१४ जाने., संक्रांत
अ. नं स्वतः तीळगूळ आणला. पाया पडला. गोड बोल म्हणाला आणि लगेच, "आई, एकदा होय दाब ना. चाळीस काढतो, त्यांच्या तोंडावर मारतो. मग काम बघतो. आईशप्पथ."
"चाळीस काढशील, उरलेल्या पस्तिसाचं काय करशील?"
त्यानं मोबाइल खिशात सरकवला.
"तेच. पुन्हा पत्ते."
तीळगूळ भिंतीला. ह्या पोराला भिंतीशिवाय काय दिसत न्हाई. मग मला म्हणाला, "तू मेलीस तर सुटेन." मी म्हटलं, "मार मग, हाये हितंच." त्यानं माझ्याकडं बघितलं. डोळे बापासारखे झाले होते. बाप दारू पिऊन मेला, पण मरेस्तोवर मला मारत राहिला. त्या डोळ्यांची मला सवय आहे.

१७ जाने., शनि.
सेल लागला. केलं!! मशीन मागवलं. तेरा हजार चारशे, वर ऑनलाइनचा पाच टक्के कॅशबॅक मिळणार. कार्ड काल रात्रीच रिकामं करून ठेवलेलं. पंधरात बरोबर बसलं.

दुकानात रेहानाभाभीच्या फोनवर मशीन बघून ठेवलेलं, मागवलं माझ्याच फोनवरून. माझे अंगठे ब्लीचनं गुळगुळीत झालेत, रेशनच्या यंत्रावरही उठत न्हाईत. म्हणून फोनला डाव्या हाताची करंगळी दिलीय. फोन तिच्यानंच उघडतो, बँकसुद्धा. करंगळी लावली, ऑर्डर गेली. भाभी म्हणाली, "मंगल, आता दगड फेकून दे नदीत." दोघी हसलो. तिनं चहा केला. इतकं हसायला नको होतं का काय.

२० जाने., मंगळ.
उजवा हात आहे म्हणून लिहितेय. डावा बांधलाय.

दुपारी लाँड्रीतल्या पाळीवरून आले. अ. नं कडी लावली. फोन मागितला, दिला न्हाई, हिसकावला. फोन उघडायचे आकडे त्याला ठाऊक न्हाईत, म्हणून माझा हात धरला. उजवा अंगठा दाबला फोनवर. उघडंना. डावा अंगठा. न्हाई. मग एकेक बोट. मी चावले त्याला, मनगटाला, रक्त आलं तोंडात. त्यानं माझं डोकं ओट्यावर आपटलं. डाव्या हाताची मूठ आवळून धरली होती मी, जीव खाऊन. त्यावरूनच त्याला कळलं. माझीच चूक. सैल सोडला असता तर

गुडघा छातीवर ठेवून एकेक बोट सोडवलं. करंगळी शेवटी. ती मागं वाकवली. कट्. मी ओरडले ते मला दुसऱ्या कुणाचं तरी वाटलं. त्याच मोडक्या करंगळीनं फोन उघडला, बँक उघडली. होय दाबलं. हसला न्हाई, रडला न्हाई. "सॉरी आई" म्हणाला आणि फोन, कार्ड घेऊन पळाला.

तशीच रेहानाभाभीच्या दुकानात. गिऱ्हाईकं बघतायत, कपाळातून रक्त, बोट लोंबतंय. भाभी म्हणाली, "बोलू नकोस, बस हितं." मी म्हटलं, आधी कार्ड बंद कर. तिनं बँकेला फोन लावला, एक दाबा, दोन दाबा. माझी जन्मतारीख मीच ओरडून सांगितली. बंद झालं. बाजारात एक मोबाइलवाला आहे, कार्ड घासून रोख देतो. अ. त्याच्याकडं गेला असणार. पोचायच्या आत बंद झालं.

मी जिंकले. असं वाटलं.

२१ जाने.
रात्री भाभीकडंच राहिले, पहाटे तिच्या फोनवर निरोप. अ. तळेगावच्या दवाखान्यात.

मोबाइलवाल्याकडं पैसे निघंनात, बंड्या बाहेर गाडीवर थांबलेला. त्याला वाटलं अ. फसवतोय. हमरस्त्याच्या पुलाखाली नेऊन तिघांनी लोखंडी सळईनं मारलं. मांडीचं हाड दोन ठिकाणी. दात दोन. एक कान फाटलाय. माझा फोन खिशातच सापडला, काच फुटलेली.

कार्ड मी बंद केलं. व्हय, मी केलं. करायलाच पाहिजे होतं. दहा वेळा लिहिते: करायलाच पाहिजे होतं. तरी बाकावर बसून स्वतःच्या तोंडात मारून घेतल्या, नर्सनं हात धरेस्तोवर.

डॉक्टरनं माझंही बोट बघितलं. "कसं मोडलं?" लाँड्रीच्या मशीनमध्ये अडकलं म्हटलं. "मशीन असं मागं वाकवत नाही, बाई," म्हणाला. पुढं काय विचारलं न्हाई. प्लास्टर घातलं.

२३ जाने.
मशीन आलं. दोघांनी उचलून आत ठेवलं, नळ जोडून दिला. पेढे मागत होते. दिले.

दवाखान्यातनं अ. चे कपडे पिशवीत दिलेत. ते घातले. पहिलं धुणं तेच. पाणी तांबडं निघालं, मग गुलाबी, मग साधं. शर्टवरचे डाग गेले न्हाईत, रक्ताला थंड पाणी लागतं, मला ठाऊक आहे, तरी विसरले. मशीनवर डोकं टेकून बसले. लय छान चालतंय. आवाजसुद्धा न्हाई.

२४ जाने., शनि.
बँकेत फोन केला, लिमिट खाली आणा. पोरगी म्हणते, "मॅडम, संमती तुमच्याच फोनवरून, तुमच्याच बोटाने दिलेली आहे."
व्हय बाई. बोट माझंच होतं.
नवं कार्ड पाठवलंय म्हणाली. पंचाहत्तरचंच. लिमिट कमी करायला अर्ज द्या.

२८ जाने., बुध.
कार्ड आलं. आजच ऑपरेशन. मांडीत सळई बसवायची, सळईनंच मोडली होती. तीस हजार आधी भरा म्हणाले, बाकीचं सरकारी योजनेत बसवू. माझ्याकडं रोख काय आहे? कार्ड घासलं. ज्या लिमिटसाठी माझं बोट मोडलं, तीच लिमिट त्याच्या मांडीत गेली. काउंटरवर सवयीनं विचारलं, ह्याच्यावर कॅशबॅक आहे का. "दवाखान्याला नसतं," म्हणाला. स्वतःचीच किळस आली.

संध्याकाळी मशीनचा कॅशबॅक जमा झाला. सहाशे सत्तर. आनंद झाला. लाज वाटली की आनंद झाला. दोन्ही.

३१ जाने., शनि.
बंड्या दवाखान्याच्या गेटवर. कोपर अजून बांधलेलं आहे, ते बघून गार वाटलं. म्हणाला, "मावशी, आमचं चुकलं, जास्त झालं. तुमी तक्रार करू नका, आमी चाळीस सोडतो." मी चप्पल काढली. वॉचमननं आवरलं. आवरायला नको होतं.

अ. ला सांगितलं. तो म्हणतो, "आई, घे ना मिटवून." डोळे मिटून. मग म्हणाला, "पोलिसांना माझं पण सांगशील?"
मी म्हटलं, "तुझं काय?"
माझ्या हातावर नजर गेली त्याची. प्लास्टर दोघांच्या मध्ये, गादीवर.

३ फेब्रु., मंगळ.
रेहानाभाभी डबा घेऊन आली. बाहेर बाकावर बसवून स्पष्ट बोलली, "त्या तिघांची नावं दे आणि ह्याचंही दे. आज बोट, उद्या गळा. तू त्याला घरी आणलंस तर मी तुझ्या दारात पाय ठेवणार न्हाई, मंगल. तुझं प्रेत बघायला यायचं न्हाई मला." आणि रडली. मी तिच्यावरच खेकसले, माझं पोरगं आहे, तुझं न्हाई. ती उठून गेली. डबा तसाच ठेवून.

खरं बोलली म्हणून राग आला. रात्री वॉर्डात झोपते तर फोन छातीशी धरून झोपते, आणि तो तर पलंगावर बांधल्यासारखा पडलाय. मला माझ्या पोराची भीती वाटते. हे पहिल्यांदा लिहिलं.

६ फेब्रु., शुक्र.
उद्या घरी न्या म्हणाले. उद्याच दहाला हवालदार जबाब घ्यायला येणार, त्यानं डॉक्टरचा कागद वाचलाय. आजच जाता जाता माझ्या प्लास्टरकडं बघून म्हणाला, "मावशी, उद्या दोन्हीचं सांगा. पायाचं आणि बोटाचं."

संध्याकाळी अ. ला पहिल्यांदा उभं केलं. नर्स दुसऱ्या पेशंटकडं होती. कुबडी एका बगलेत, दुसरा हात त्यानं माझ्याकडं केला. "आई, धर." घामानं भिजलेला, पाय लटपटतोय. धरलं न्हाई तर पडणार, मांडी पुन्हा जाणार.

माझे दोन्ही हात पाठीमागं गेले. आपोआप. मी नेले न्हाईत.

त्यानं बघितलं ते. तसाच उभा, हात पुढं.

मग मी जवळ गेले. हात दिला न्हाई. खांदा दिला. त्यावर रेलून तो संडासापर्यंत चालला आणि परत आला. सगळा भार माझ्यावर.

उद्या दहाला हवालदार.