अळणी आमटी

महाड,
१० जुलै २०२५

चि. सौ. चैत्राली हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद. वि. वि.

तू म्हणशील, घरात फोन असताना आई पत्र कशाला लिहीत बसल्या. अगं, माझे कान आता फोनला दाद देत नाहीत. तू बोलतेस त्यातलं अर्धं मला ऐकू येत नाही आणि उरलेलं अर्धं तुझे सासरे शेजारी उभे राहून इतक्या मोठ्यांदा सांगतात की गल्लीला तुमच्या घरची खुशाली कळते. त्यातून आज यांच्याचविषयी लिहायचं आहे. ते यांच्याच तोंडून कसं पोचवू?

यांचे पाय सुजत होते म्हणून गेल्या आठवड्यात डॉक्टरांकडे गेले. एकटेच गेले. चाळीस वर्षं शाळेत पोरं हाकली, मला काय सोबत लागते, असं म्हणाले. परत आले ते छत्री कोपऱ्यात टेकवून जाहीर केलं की रक्तदाब वाढला आहे, गोळ्या बदलल्या आहेत, मीठ अगदी नावाला खायचं, बाकी सगळं उत्तम. मी सुटकेचा निःश्वास टाकला. मिठाचंच आहे ना, म्हटलं, निभावून नेऊ.

पण निभत नाही गं. लोणचं, पापड, मिरगुंडं मी माळ्यावर टाकली. पहिल्या दिवशी अळणी आमटी वाढली तर यांनी भुरका मारला, वाटीत डोकावून पाहिलं आणि विचारलं की आज डाळ धुतलेलं पाणी वाढलंय का. आता तर ताटावर बसतात, चार घास चिवडतात आणि उठतात. मी रागावले, की पाण्यावर दिवस काढणार आहात का. तर म्हणतात, खाल्ल्या मिठाला जागायचं असतं, न खाल्ल्या मिठाला मी कशाला जागू? विनोद सुचतो म्हणजे माणूस ठीक आहे, असं मी मनाला समजावते. पण सदरा खांद्यावर सैल झालाय, तो दिसतोच.

काल प्रयागबाई आल्या होत्या. तुला आठवतील, कापडे गावच्या. आपल्याला तांदूळ आणि परसातली भाजी आणून देतात त्या. त्यांनाही गाऱ्हाणं सांगितलं. त्या म्हणाल्या, मास्तरांस्नी उपाशी नको ठेवू गो वहिनी, माणूस मिठाबिगर जगतो, अन्नाबिगर जगत नाय. खरं आहे, पण करू काय?

तुमच्या बँकेत दहा घरच्या बायका भेटतात. कुणी काही युक्ती सांगितली तर कळव. रुचिरला फार काही सांगू नकोस, तो उगाच काळजी करत बसतो.

माया आहेच, ती पत्रातूनही येऊ दे.
तुझी सासू,
अंबिका


सातारा,
१७ जुलै २०२५

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आलं तेव्हा आधी भीती वाटली, मग डाळ धुतलेल्या पाण्यापाशी पोचले आणि एकटीच हसत सुटले. रुचिरला सांगितल्यावाचून राहवलं नाही, माफ करा. तो म्हणाला की बाबांना मिठाशिवाय जेवायला लावणं म्हणजे त्यांना शुद्धलेखनाच्या चुका करायला लावण्यासारखं आहे.

युक्ती सापडली आहे. माझ्या शेजारी बसणारी मैत्रीण आहे, तिच्या आईलाही रक्तदाब आहे. त्यांच्याकडे कमी सोडियमचं मीठ वापरतात. दिसायला मिठासारखंच, चवीलाही जवळपास तसंच, थोडंसं कडसर लागतं म्हणे. या पत्राबरोबर पार्सलने दोन पाकिटं पाठवते आहे. आमटीत घाला, भाजीत घाला. बाबांना आधी सांगूच नका. त्यांनी भुरका मारून वाटीत डोकावलं नाही, तर मला लगेच कळवा.

पाऊस इथे भुरभुर आहे, तुमच्याकडे झोडपत असेल. बाबांना फेरीला जाताना चपला नीट घालायला सांगा, शेवाळ फार होतं.

तुमच्या आशीर्वादाची वाट पाहणारी,
चैत्राली


महाड,
१ ऑगस्ट २०२५

चि. सौ. चैत्राली हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

बाई गं, तू जिंकलीस! यांनी वाटीत डोकावलं नाही. आमटी दोनदा मागून घेतली आणि वर मलाच शिकवलं, की बघ, हाताला अळणी स्वयंपाकाची सवय झाली की चव आपोआप येते. मी पदर तोंडाला लावून मान डोलावली. दुसऱ्या दिवशी मात्र सांगून टाकलं. ते म्हणाले, सून बँकेत आहे, हिशोबाचं बरोबर कळतं तिला.

हे काही खरं मीठ नव्हे, म्हणून मीही हात आखडता घेत नाही. ताकात घालते, भातावर भुरभुरवते, श्रावणातल्या उपासाच्या बटाट्यालाही तेच. किती दिवसांनी यांना पोटभर जेवताना पाहिलं! तुझं कौतुक मी शेजारीपाजारी सांगितलंच, पण प्रयागबाईंनाही सांगितलं. त्यांनी चिमूटभर जिभेवर ठेवून तोंड वाकडं केलं आणि हसल्या.

थकवा तेवढा जाणवतो यांना. तळ्यापर्यंतची सकाळची फेरी अर्ध्यावरून सोडून येतात. पाय जड झाल्यासारखे वाटतात, पिंढऱ्यांत बळ नाही, म्हणतात. सत्तरी उलटली, त्यात ही दमट हवा. गणपतीपर्यंत ठणठणीत होतील. तुम्ही दोघं गौरी उठेपर्यंत राहायचं आहे, रजेचं आत्ताच बघून ठेव.

रुचिरला पापा, तुला दोन.
अंबिका


सातारा,
१४ ऑगस्ट २०२५

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

काय लिहू कळत नाही. फोन करून उपयोग नाही, आणि तुमच्यासमोर उभं राहायचं धैर्य नाही.

रुचिर काल परत आला. बाबा आता घरी आले, बसून जेवले, एवढं त्याने सांगितलं. बाकी फार बोलला नाही. त्या दिवशी बाबांना दवाखान्यात नेल्याचा तुमचा निरोप आला तेव्हा आंबेनळी घाटात दरड आली होती. तो पुण्याकडून वळसा घालून निघाला आणि मी बॅग भरायला लागले तर म्हणाला, तू राहू दे. नुसतं एवढंच. तिथून त्याचा फोन आला तेव्हा पहिलं वाक्य होतं, की ते मीठ तू कुणाला विचारून पाठवलंस.

कुणालाच विचारलं नव्हतं, आई. मैत्रिणीच्या घरी चालतं म्हणजे आपल्याकडेही चालेल असं मी धरून चालले. पाकिटावर बारीक अक्षरात लिहिलंय की मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. मी ते वाचलं होतं. बाबांना तसला काही त्रास नाही, म्हणून पुढे गेले.

तुम्ही गल्लीभर माझं कौतुक केलंत. आता त्याच लोकांना काय सांगत असाल? गणपतीला मी येऊ की नको, ते तुम्हीच ठरवा. तुम्ही म्हणाल ते मला मान्य आहे.

क्षमा मागणारी,
चैत्राली


महाड,
१८ ऑगस्ट २०२५

माझ्या लाडक्या चैत्राली,
खूप खूप आशीर्वाद.

आधी डोळे पूस आणि मग हे पत्र वाच. हे माझ्यासमोर झोपाळ्यावर बसून वर्तमानपत्रातल्या चुकांवर लाल पेनाने खुणा करत आहेत. म्हणजे प्रकृती पूर्ववत आहे.

काय झालं ते तुला कुणी नीट सांगितलेलंच दिसत नाही. त्या सकाळी हे चहा घेऊन उठायला गेले आणि पायच उचलेनात. परत खुर्चीत बसले. चेहरा पांढराफटक, घाम. मी हाक मारली तर ओ देत होते, पण आवाज विहिरीतून आल्यासारखा. मला काही सुचेना. नेमक्या प्रयागबाई भाजी घेऊन दारात. त्यांनी टोपली तिथेच टाकली, यांचा हात धरून पाहिला आणि ओरडल्या, की नाडी लय मंद हाय गो, ऊठ! त्यांचा साहिल रिक्षा चालवतो, तो कोपऱ्यावरच होता. आम्ही दोघींनी आणि त्याने मिळून यांना उचलून नेलं. मला आठवतं ते एवढंच, की रिक्षात यांचं डोकं माझ्या खांद्यावर होतं आणि मी वेड्यासारखी यांचं नाव घेत होते. लग्नानंतर पहिल्यांदा, तेही भर बाजारातून.

डॉक्टरांनी छातीची पट्टी, म्हणजे कार्डिओग्राम, काढली, रक्त तपासायला पाठवलं, लगेच इंजेक्शनं सुरू केली. मग मला बाहेर बोलावून विचारलं, की यांच्या खाण्यात नवीन काय आलंय. मी तुझ्या मिठाचं सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. त्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियम असतं म्हणे. धडधाकट माणसाला बहुधा बाधत नाही. पण यांची मूत्रपिंडं जरा कमकुवत आहेत आणि जी नवी गोळी दिली होती तीही पोटॅशियम अंगात धरून ठेवते. त्यात मी वाडगाभर ताकातून, भातावरून, सगळीकडून चारत होते. ते साठत गेलं आणि हृदयाची चालच मंदावली.

आता ऐक. मूत्रपिंडं कमकुवत आहेत हे मला तिथे पहिल्यांदा कळलं. डॉक्टर म्हणाले, मी मास्तरांना तेव्हाच सांगितलं होतं की, घरी सांगितलं नाही का त्यांनी? मी आत जाऊन यांच्याकडे नुसतं पाहिलं. यांनी नजर छताला लावली. मग हळूच म्हणाले, की तू घाबरली असतीस. बघ, मी घाबरू नये म्हणून केवढा हा घाट! सलाइन लावलेल्या माणसावर ओरडता येत नाही, म्हणून मी बाहेर बाकावर बसून रडले. प्रयागबाईंनी पाठीवर हात फिरवला. म्हणाल्या, रडून घे, पर मास्तर हायत ना, मग झालं.

तर असं आहे. यांनी लपवलं, मी डॉक्टरांना न विचारता चमच्याने घातलं आणि तू प्रेमाने पाठवलंस. तिघांत तुझा वाटा सगळ्यात लहान आहे. रुचिर इथे असताना एकदा म्हणाला, की चैत्रालीने हे करायला नको होतं. यांनीच त्याला थांबवलं. म्हणाले, ज्याने सांगायचं तो गप्प बसला, त्याला जाब विचार, तो हा समोर पडलाय. रुचिर उठून यांच्या पायांवर पांघरूण घालू लागला. तो तुझ्यावर रागावलेला नाही गं, तो भेदरला होता. लहानपणीही भीती वाटली की हा दुसऱ्याच्या अंगावर ओरडायचा. तरी त्याला वेगळी चिठ्ठी या पाकिटात घातली आहे. ती तू वाचू नकोस, त्यात आईने मुलाला लिहायचे शब्द आहेत.

गल्लीत काय सांगते विचारतेस? सांगते की माझ्या सुनेने युक्ती धाडली आणि मी अतिशहाणीने अति केलं. कुणी हसत नाही. उलट दोघीतिघींनी आपापल्या घरचं पाकीट डॉक्टरांना दाखवून आणलं.

आता स्वयंपाकाचं. डॉक्टरांनी रीतसर सांगितलं: मीठ नावाला, ते पाकीट अजिबात नाही, चव मसाल्यातून आणा. मी इतकी वर्षं रांधते आहे, पण मसाल्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. सगळी भिस्त मिठावर. आता धणे-जिरं रोजच्या रोज मंद आचेवर भाजते आणि लगेच कुटते. शिळ्या पुडीला तो वास नाही. आमटीला लसूण चांगली लाल करून फोडणी, वरून मिरपूड आणि शेवटी एखादं आमसूल. आंबटपणा जिभेला असा काही फसवतो की विचारू नकोस. पडवळाला ओव्याची फोडणी दिली, दुधीला आलं-लिंबू. कारळ्याची चटणी लसूण-मिरचीवर तिखट केली, मिठाचा कणही नाही. काही फसलंही. दालचिनी घातलेलं दोडक्याचं पिठलं यांनी आदरपूर्वक बाजूला सारलं. पण काल आमटी वाढली, यांनी भुरका मारला आणि वाटीत डोकावलं. मी लगेच मिरपुडीची डबी पुढे केली. तर म्हणाले, संपली, अजून आहे का?

मी स्वयंपाकघरात गेले आणि पातेल्यापाशी थोडा वेळ उभी राहिले. डोळे भरून आले होते, पण ते फोडणीच्या धुराने, असं समज.

गणपतीला येऊ की नको, हे पुन्हा विचारलंस तर रागावेन. एकवीस मोदक एकटीने वळवत नाहीत मला.

तुझ्यावाचून अडलेली,
आई


सातारा,
८ सप्टेंबर २०२५

ती. सौ. आईंना,
शि. सा. न. वि. वि.

सुखरूप पोचलो. घाट उघडा होता, धबधबे भरून वाहत होते. तुम्ही दिलेली धण्या-जिऱ्याची पूड डब्यातून गळली आणि गाडीभर तुमच्या स्वयंपाकघराचा वास. घाटात गाडी बाजूला लावून चहा घेतला तेव्हा रुचिर म्हणाला, की त्या दिवशी तुला मागे ठेवून गेलो ते चुकलं. तू बरोबर असतीस तर मला धीर आला असता. त्याचा चहा निवला होता, तो बदलून आणला. आता आमचं बरं आहे, आई. अगदी बरं आहे.

एक गोष्ट तुम्हाला तिथे सांगता आली नाही, घरात पाहुणे होते. गौरी उठल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी बाबा मला म्हणाले, की चल, जरा औषधं आणायला जाऊ. मी पिशवी घेतली. पण ते दुकानावरून पुढे गेले आणि थेट डॉक्टरांच्या दवाखान्यात. मला वाटलं, बाहेर थांबायचं. तर आत जाताना त्यांनी दार धरून ठेवलं आणि मला खुणेने बोलावलं. डॉक्टरांनी रक्ताचा अहवाल पाहिला. पोटॅशियम जागेवर आलंय, रक्तदाब उतरलाय, सूज नाही. असंच खात राहा, म्हणाले.

मग बाबा खुर्चीत जरा सावरून बसले, शाळेत पाहुण्यांची ओळख करून द्यायचे तसे. म्हणाले, ही माझी सून, चैत्राली. यापुढे माझ्या प्रकृतीचं जे काही असेल ते आधी हिला सांगायचं. मी लपवाछपवी करतो, ही करत नाही.

डॉक्टर हसले आणि त्यांनी माझा फोन नंबर लिहून घेतला. मला मान वर करता येईना. बाहेर आल्यावर चिखल होता तिथे माझ्या हातातली पिशवी बाबांनी आपल्याकडे घेतली.

दिवाळीची रजा मी आजच टाकली आहे.

तुमची,
चैत्राली