यंदाची टीम आणि उमाकांतचा मुक्काम

॥ श्री ॥

बंगलोर,
चैत्र शुद्ध नवमी, शके १८८३

तीर्थस्वरूप विठ्ठलदाजी यांस,
चंद्रकांतचा साष्टांग नमस्कार. इकडे सर्व खुशाल, तिकडेही तसेच असावे. सुलभाताईच्या गुडघ्याला उतार पडला का? नव्या गुळाची आवक सुरू झाली असेल, म्हणजे आपणांस अडतीवरून मान वर करायला फुरसत नसणार. तरीही वेळ काढून आपण कार्ड टाकलंत आणि त्यात एकच ओळ लिहिलीत, 'उमाकांत अजून तिकडे काय करतो आहे?' दाजी, आपला प्रश्न रास्त आहे. चिरंजीव आपल्या सांगण्यावरून इथल्या पेठेत गुळाची चौकशी करायला आले, ती चौकशी दोन दिवसांत आटोपली आणि पंधरवडा झाला तरी ते माझ्याकडेच आहेत. त्याचं उत्तर एका ओळीत देण्यासारखं नाही. आपणांस फुटबॉल या शब्दाचाही तिटकारा आहे हे मी जाणतो, म्हणून त्याचा उल्लेख अगदी जरुरीपुरताच करीन.

आमच्या कारखान्याची टीम गेल्या साली पहिल्या डिव्हिजनमध्ये शेवटून दुसरी आली. (शेवटची टीम मोडकळीलाच आली होती, हे मी अभिमानानं सांगत नाही.) तेव्हा मोठ्या साहेबांनी बजावलं, की यंदा खाली घसरलात तर टीम बंद. पोरांना खेळामुळं नोकऱ्या मिळाल्या आहेत, त्या राहतील, पण दुपारी मैदानावर सोडणं संपलं. मी ड्रॉइंग ऑफिसातला साधा ड्राफ्ट्समन. मला स्वतःला चेंडू पायानं अडवता येत नाही, हे आपण लग्नाच्या वेळी मांडवात पाहिलंच आहे. पण गेली सहा वर्षं मी या टीमचा एकही सामना चुकवलेला नाही, आणि त्यातले बहुतेक हरलेले आहेत. एवढं हरलेलं पाहिल्यावर माणूस टीम सोडून जात नाही. त्याला तिची काळजी लागते.

यंदा मात्र भरती झकास झाली आहे. सेंटर फॉरवर्ड म्हणून म्हैसूरकडचा नरसिंह आणला आहे. नोकरीला तो मुलामा खात्यात, पण तिथं त्याला कुणी पाहिलेलं नाही. डोक्यानं चेंडू असा मारतो की गोलकीपर नमस्कार करत असल्यासारखे खाली बसतात. दोष एकच. शनिवारी मारुतीचा उपास. आणि आमचे निम्मे सामने शनिवारी. पहिल्या शनिवारी सरावाच्या सामन्यात तो रिकाम्या पोटी खेळला आणि हाफटाइमला घेरी येऊन बसला. पुढच्या शनिवारी मी पुण्य जोडावं म्हणून घरून साबुदाण्याची खिचडी नेली. त्यानं ती जन्मात प्रथमच पाहिली, दोन ताटं संपवली, आणि मग सबंध सामना सेंटर सर्कलमध्ये उभा राहून तिचं कौतुक करत राहिला. आता अर्धं ताट ठरलं आहे. मला खात्री आहे, प्रमाण जमेल.

फुल बॅक विठोजी. चामराजपेटेतला, चार पिढ्या इथं गेलेल्या मराठी घरातला. बोलतो मराठी, पण वाक्य कुठं कानडीत शिरेल याचा नेम नसतो. गेल्या साली हा आमच्या विरुद्ध खेळत होता आणि त्यानं आमच्या दोन पोरांना लंगडं केलं होतं, म्हणूनच आम्ही त्याला घेतला. समोरच्याला आडवा करतो आणि लगेच हात देऊन उठवत 'तप्पायतु अण्णा', म्हणजे चुकलं हं दादा, असं इतक्या मनापासून म्हणतो, की पंचाची शिट्टी तोंडातच राहते. असा बॅक टिळकांच्या केसरीत जाहिरात देऊनही मिळाला नसता.

आता आमच्या घाताची गोष्ट. गोलात गेली तीन वर्षं उपेंद्र होता. टीम जी काही पहिल्या डिव्हिजनमध्ये टिकली ती त्याच्या हातांवर. यंदाही राहायला तो तयार होता, फक्त नव्या हंगामाच्या कागदावर सही करायची होती. आमचे सेक्रेटरी मुकुंदराव, हिशेब खात्याचे मुख्य, पुण्याचे. हुशार माणूस, पण पंचांग पाहिल्याशिवाय नखं काढत नाहीत. उपेंद्र सही करायला आला तो दिवस फाल्गुनी अमावस्या. मुकुंदरावांनी पेनचं टोपण परत लावलं आणि म्हणाले, आज नको, उद्या पाडवा आहे, साडेतीन मुहूर्तांपैकी एक, उद्या सूर्योदयानंतर कर. उपेंद्र बिचारा 'सरी', म्हणजे बरं, म्हणून गेला. दुसऱ्या दिवशी मुकुंदराव गुढी उभारून, फेटा बांधून, पेढे घेऊन असोसिएशनच्या कचेरीत गेले, तर दाराला कुलूप. इथं पाडव्यालाच उगादीची सुट्टी असते, हे बारा वर्षं इथं राहून त्यांच्या लक्षात आलं नव्हतं. आणि एका टीममधला खेळाडू दुसऱ्या टीमनं घेण्याची मुदत अमावस्येलाच संपली होती. त्या दिवशी आमच्या फाटकाबाहेरच एक दुसरी टीम मोटार घेऊन उभी होती. त्यांना अमावस्येचं वावडं नव्हतं. उपेंद्रची सही झाली, जेवणही झालं.

त्या पेढ्यांचं काय करायचं म्हणून ते आम्हीच खाल्ले. गोड लागले नाहीत.

नियम असा, की या लीगमध्ये पूर्वी कधीच न खेळलेला नवा माणूस तेवढा चैत्र पौर्णिमेपर्यंत घेता येतो. म्हणजे गोलकीपर बाहेरगावचा हवा. तोवर सरावाला गोलात उभं कोण राहणार? मुकुंदरावांनी प्रायश्चित्त म्हणून स्वतः उभं राहायचं ठरवलं. कोट काढून गोलाच्या खांबाला अडकवला, धोतराचा काचा मारला आणि उभे राहिले. नरसिंहनं पहिला चेंडू मारला तेव्हा त्यांनी दोन्ही हातांनी चष्मा धरला. दुसऱ्यालाही चष्माच धरला. तिसरा येण्याआधी माझ्या शेजारी गवतावर बसलेला उमाकांत (त्याला मी केवळ हवा खायला नेला होता, शपथेवर सांगतो) उठला, चपला काढल्या, मुकुंदरावांना हाताला धरून हळूच बाजूला केलं आणि उभा राहिला.

दाजी, त्या दुपारी नरसिंहला एकही गोल करता आला नाही. विठोजी जवळ येऊन त्याचे पंजे उलटेपालटे करून पाहत होता. मुकुंदरावांनी कोट न घेताच माझा हात धरला आणि ते म्हणाले, हा मुलगा कुणाचा? मी म्हणालो, कोल्हापूरच्या विठ्ठलरावांचा. सांगताना मला आपला फार अभिमान वाटला. आपल्याला ही गोष्ट आवडणार नाही हे ठाऊक असूनही वाटला.

कागद तयार आहे. उमाकांत सही करत नाही. बाबांना विचारल्याशिवाय पेन हातात धरणार न्हाई, असं त्यानं मुकुंदरावांना तोंडावर सांगितलं. पौर्णिमा जवळ आली आहे. आपला होकार आला तर आमची टीम राहते, नाही आला तर मी पोराला मिरजेच्या गाडीत बसवून देतो आणि त्याबद्दल आयुष्यात शब्द काढणार नाही. ताईस नमस्कार. लोभ आहेच, तो या पत्रानंतरही राहावा.

आपला,
चंद्रकांत

ता. क. नोकरीचं लिहायचं राहिलं. सध्या एकच जागा रिकामी आहे, कारखान्याच्या कॅन्टीनच्या कोठीवर. तिथं गूळ येतो. तेव्हा पोरगा घरचा धंदा सोडून गेला, असं कुणाला म्हणता येणार नाही.

ता. क. २. वर लिहिलेलं पहिल्या दिवसाचं आहे. दुसऱ्या दिवशी त्याच्यावर चार गोल झाले. तिसऱ्या दिवशीही तसेच. मी विचारलं, बाबा रे, काय बिघडलं? तर म्हणाला, 'मामा, मागं कुणीच न्हाई.'

दाजी, रागावू नका. आपण दर रविवारी रंकाळ्यावर फिरायला म्हणून निघता आणि पेठेच्या मैदानात त्याच्या गोलामागं छत्री उघडून, तोंड दुसरीकडे करून उभे राहता, हे त्याला पहिल्यापासून ठाऊक आहे. त्यानं कधी मागं वळून पाहिलं नाही, कारण वळला तर आपण यायचे थांबाल. डावीकडून कुणी मोकळा सुटला की आपण खोकता. तो डावीकडे झेप घेतो. पहिल्या दिवशी, म्हणे, मुकुंदराव गोलामागं कोटाजवळ उभे राहून खोकत होते.

तर होकार कार्डावर पाठवू नका. स्वतः घेऊन या. इथल्या गोलामागं गुलमोहर आहे, छत्री लागणार नाही. ताईला गुळाच्या चौकशीला जातो म्हणून सांगा, ती विचारणार नाही, तिलाही सगळं ठाऊक आहे. येताना खोकल्याचं औषध मात्र कृपा करून घेऊ नका.